आधी खराटा, मग औषध



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९. ज्यांच्या घरी एकनाथी भागवत आहे त्यांनी त्यातलाही नववा अध्याय उघडावा.

आजचा विषय एका ताईंच्या प्रश्नावरून निघाला. ताई नोकरीसाठी पुण्यात. आई-वडील आणि भाऊ बडनेऱ्याला, जुन्या वस्तीत. घर जुनं, पुढे अंगण, मागे परस. पाऊस सुरू झाला आणि घरात दोन बिनबोलावलेले पाहुणे आले. दाराच्या छज्ज्याखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलं, आणि तुळशीवृंदावनाच्या बुडाशी घुशीनं बीळ पाडलं. वृंदावन एका अंगाला खचलं. भावाचा तीन वर्षांचा मुलगा दिवसभर त्याच अंगणात खेळतो. त्याला माशी डसली आणि एक डोळा सुजून बंद झाला. भाऊ भडकला. म्हणाला, बिळात पेट्रोल ओततो, पोळ्याला पलिता लावतो, एका दिवसात विषय संपवतो. आई आडवी आली. "माह्या घरी जीवहत्या होऊ द्याची नाही. उंदीर गणपतीचं वाहन हाये, अन् चातुर्मास बी सुरू हाये." तीन दिवस घरात अबोला.

ताईंनी विचारलं, "दोघांपैकी बरोबर कोण? आणि मी इथून ऑनलाइन पैसे भरून पेस्ट कंट्रोलवाल्याला पाठवलं, तर पाप कोणाच्या खात्यात जमा होईल?"

शेवटचं वाक्य त्यांनी गमतीनं लिहिलं असेल. पण आपल्यापैकी कितीतरी जण हाच प्रश्न मनात घेऊन फिरतात. सकाळी हरिपाठ म्हणायचा आणि दुपारी मुंग्यांवर स्प्रे मारायचा, हे कसं जुळवायचं? म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

साप आणि कुंभारीण

योग असा की नवव्या अध्यायात बिळात राहणारा एक जीव आहे आणि नांगी असलेलाही एक आहे. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो, तो भाग सातव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत चालतो. हा अवधूत म्हणजेच दत्तात्रेय, असं आपली परंपरा मानते. पृथ्वी, वारा, समुद्र असे मोठे गुरू आधी येतात. शेवटी शेवटी येतात साप, कोळी आणि भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारीण माशी. नाथमहाराजांनी याच एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत ती पूर्ण केली. म्हणजे साडेचारशे वर्षं मराठी माणूस किडा-मुंगीला गुरू म्हणत आला आहे. आता तो गुरू दारात येऊन बसला की आपली पंचाईत होते, ही गोष्ट वेगळी.

सापापासून अवधूत काय शिकला? साप स्वतःचं घर बांधत नाही. दुसऱ्यानं केलेल्या बिळात राहतो, एकटा फिरतो, गाजावाजा करत नाही. घर बांधायच्या खटाटोपात दुःख आहे, हे साधकानं त्याच्याकडून घ्यावं. ही झाली संन्याशाची शिकवण. आपण संसारी माणसं, घर सोडून जाणार नाही, ईएमआय चालू आहे! पण याच दृष्टांतात आपल्यासाठीही काहीतरी आहे. सापाचं बीळ सापाचं नसतं. ते उंदराचं असतं, घुशीचं असतं, नाहीतर वाळवीचं वारूळ असतं.

बडनेऱ्याच्या अंगणात ही साखळी उलटी मोजून पाहा. साप आला, कारण उंदीर होते. उंदीर आले, कारण कोपऱ्यात तुरीचं पोतं फुटलं होतं, कोंबड्यांचा दाणा रात्रभर सांडलेला होता, खरकटं मोरीशी पडून होतं. घुशीनं वृंदावनाची जागा निवडली, कारण तिथली माती रोजच्या पाण्यानं मऊ आणि शेजारीच पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा ढीग, लपायला आयता. त्या ढिगात विंचूही राहतो. मग एक दिवस सर्पमित्राला फोन जातो आणि आपण म्हणतो, "घरात साप निघाला." साप तर त्या साखळीचं शेवटचं टोक आहे. पहिलं टोक आपल्याच हातात होतं.

माशीचा ध्यास घेऊ नका

आता कुंभारीण. ही तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. खिडकीच्या चौकटीत, फोटोच्या मागे, कधी प्लगच्या भोकातसुद्धा ती चिखलाचं चिमुकलं मडकं करते. एखादी अळी किंवा कोळी आणते, डंख मारून त्याला बधिर करते, आत ठेवते, त्याच्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. जुन्या लोकांनी पाहिलं की आत अळी गेली आणि काही दिवसांनी बाहेर माशी आली. त्यांनी म्हटलं, भीतीनं अळीनं माशीचाच ध्यास घेतला आणि ती माशी झाली. आज आपल्याला माहीत आहे की बाहेर येते ती कुंभारणीचीच लेक, आणि अळी बिचारी तिची शिदोरी होती. निरीक्षणात चूक होती, पण अवधूतानं त्यातून जे काढलं ते खरं आहे. प्रेमानं, द्वेषानं किंवा भयानं, ज्याच्यावर मन पूर्ण जडतं, मन त्याच्यासारखं होतं.

आपण हा दृष्टांत नेहमी देवाच्या ध्यासासाठी वापरतो. पण भागवत प्रेमाबरोबर द्वेष आणि भय यांचंही नाव घेतं. पोळ्याकडे रोज दात-ओठ खाऊन बघणारा माणूस तीन दिवसांत कसा होतो? जवळ कोणी आलं की डंख मारणारा. त्या घरात मुलाला माशी एकदाच डसली. पण त्यानंतर माय-लेक एकमेकांना किती वेळा डसले असतील, ते मोजलं तर माशीचा डंख काहीच नाही.

गांधीलमाशीला आपण 'दुष्ट' म्हणतो. ती दुष्ट नाही. ती लाकडाचा, झाडपाल्याचा चोथा चावून कागदासारखं घर करते. पिलांना भरवायला ती अळ्या मारून आणते, म्हणजे आपल्या कापसा-भाजीपाल्याच्या शत्रूंचीच ती शिकार करते. घराला हात लागेल असं वाटलं तरच ती उठते. तुमच्या-माझ्या आईसारखीच. मधमाशीचं तर आणखी वेगळं. तिची नांगी काटेरी असते. माणसाच्या कातडीत ती अडकते, तिच्या पोटातून उपसून निघते आणि माशी मरते. म्हणजे मधमाशी डंख मारते तेव्हा ती घरासाठी जीव देत असते.

शेगावच्या मळ्यात धूर कोणी केला?

वऱ्हाडात या विषयावर बोलायचं आणि गजानन महाराजांची ती कथा आठवायची नाही, असं होणारच नाही. दासगणूंच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ती आहे. बंकटलाल महाराजांना आणि मंडळींना मक्याची कणसं खायला मळ्यात घेऊन गेला. कणसं भाजायला जाळ केला. झाडावर मोहोळ होतं. धूर वर गेला, माश्या खवळल्या आणि मंडळींवर तुटून पडल्या. सगळे वाट फुटेल तिकडे पळाले. महाराज मात्र जागचे हलले नाहीत. अंगावर माश्याच माश्या. नंतर अंगात रुतलेले काटे काढायला सोनारांना चिमटे घेऊन बोलावलं. चिमट्यांची गरजच पडली नाही. महाराजांनी श्वास रोधला आणि काटे आपोआप वर आले.

ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो, आणि पारायणात त्या ठिकाणी अंगावर काटा येतोच. पण त्यातली एक साधी गोष्ट आपण ओलांडून पुढे जातो. माश्या आधी आल्या नव्हत्या. आधी धूर गेला होता, आणि जाळ माणसांनी केला होता, हौसेच्या सहलीसाठी. झाडाखाली जाळ करण्याआधी कोणी वर मान करून पाहिलं असतं, तर ती कथा घडलीच नसती. ज्यांनी धूर केला ते पळाले, आणि ज्यांनी केला नव्हता त्यांनी सगळे डंख अंगावर घेतले. संत आपल्या चुकांची किंमत कशी मोजतात, हे त्या मळ्यात दिसतं.

आणि हेही सांगतो, कारण वाचणारे बरेच जण तरुण आहेत : महाराज बसून राहिले म्हणून आपण बसायचं नसतं. तो त्यांचा अधिकार. आपल्याला मोहोळ उठलेलं दिसलं तर हातवारे न करता, डोकं-तोंड झाकून तिथून लांब जायचं आणि बंद खोली किंवा गाडी गाठायची. मधमाशीचा काटा दिसला तर नखानं लगेच खरवडून काढायचा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली किंवा डंख पुष्कळ असले, तर अंगारा लावत बसायचं नाही, तडक दवाखाना. सर्पदंशाचंही तेच. कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक नाही. चावलेला भाग न हलवता सरळ सरकारी रुग्णालय, कारण प्रतिविष तिथे मिळतं. विंचवाच्या बाबतीत तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात कितीतरी जीव वाचवले आहेत. त्या गोळीतही देवच आहे असं समजा आणि वेळ घालवू नका.

आई बरोबर की भाऊ?

आता मूळ प्रश्न. भावाच्या रागाचं मूळ मुलाच्या मायेत आहे. मुलाचं रक्षण करणं हा त्याचा धर्मच आहे, त्यात पाप कसलं? पण पेट्रोलच्या बाटलीत रक्षणापेक्षा सूड जास्त आहे. परीक्षिताला तक्षक डसला म्हणून जनमेजयानं सगळ्या सर्पकुळाचा होम मांडला. एकाच्या दंशासाठी हजारोंना अग्नीत ओढलं, आणि शेवटी आस्तीकानं येऊन तो यज्ञ थांबवला. महाभारताची कथा ज्या प्रसंगी सांगितली गेली तो हाच यज्ञ. इतकं मोठं भारत ऐकायला राजाला बसवलं ते सुडाच्या अग्नीशेजारी, यात काही सुचवलेलं असावं असं मला नेहमी वाटतं. बाकी व्यवहाराचं म्हणाल तर बिळात पेट्रोल ओतून काडी लावणं म्हणजे घराला आग लावायचं आमंत्रण. घुशीला दुसरं तोंड असतं, ती तिथून निघून जाते. भाजतो तो काडी लावणारा.

आईचं काय? आईच्या मनात दया आहे, आणि दया ही संतांची खूण आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेवर किती सविस्तर आणि किती हळुवार लिहिलं आहे, ते जरूर वाचा. अहिंसा आधी मनात उगवते आणि मग बोलण्यात, बघण्यात, हातापायांत उतरते, हा त्याचा गाभा. आईंची अहिंसा मनात आहेच, हातांत मात्र ती अजून उतरायची आहे. बीळ तसंच, पोळं तसंच, पोतं फुटकंच, आणि नातू त्याच अंगणात. घुशी-उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होतो, तोही पावसाळ्यातच. काहीच न करणं म्हणजे अहिंसा नाही. त्यानं हिंसा फक्त पुढे ढकलली जाते, आणि पुढे ढकललेली हिंसा वाढत जाते. आज जे खराट्यानं भागलं असतं त्याला उद्या विष लागतं.

आणि ऑनलाइन पैसे भरण्याचं? पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात याचा हिशोब आधीच मांडून ठेवला आहे. हिंसा स्वतः केलेली असो, दुसऱ्याकडून करवलेली असो, की फक्त मान डोलावून मान्य केलेली असो, ती आपलीच. म्हणजे ताई, पुण्यात बसून बटण दाबलं तरी खातं तुमचंच. पण पतंजली तिथेच थांबत नाहीत. हिंसेमागे लोभ आहे, क्रोध आहे की मोह आहे, हे ते पाहायला सांगतात. ती सौम्य आहे, मध्यम आहे की तीव्र आहे, हेही पाहायला सांगतात. आपल्या हातात इथे बरंच काही आहे. हिंसेतून क्रोध काढता येतो आणि तिची मात्रा कमी करता येते.

शास्त्र संसारी माणसाला खोटी आशा दाखवत नाही. 'पंचसूना' नावाची एक जुनी कल्पना आहे. सूना म्हणजे जीव मरतात ती जागा. प्रत्येक घरात अशा पाच जागा सांगितल्या आहेत : चूल, पाटा-जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा हंडा. म्हणजे आपण निव्वळ स्वयंपाक केला, केर काढला, पाणी भरलं, तरी जीव मरतात. ते टळत नाही. म्हणूनच गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले, आणि त्यातला एक भूतयज्ञ, म्हणजे मुक्या जीवांचा वाटा. हात शंभर टक्के स्वच्छ ठेवता येणार नाहीत, हे मान्य करूनच शास्त्र पुढे चालतं. मारावं लागलं तर कमीत कमी, चिडून नाही, आणि त्याची परतफेड रोज.

गाडगेबाबांचा खराटा

मग कमीत कमी कसं करायचं? याचं उत्तर अमरावती जिल्ह्यानंच देऊन ठेवलं आहे. शेंडगावचे डेबूजी, म्हणजे आपले संत गाडगेबाबा (१८७६–१९५६). गावात आले की आधी हातात खराटा. गल्ल्या झाडायच्या, गटारं मोकळी करायची, आणि दिवसभर गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. आपण याकडे 'स्वच्छतेचा संदेश' म्हणून पाहतो, शाळेच्या भिंतीवर चित्र असतं, बस. पण बाबांची दशसूत्री पाहा. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी या ओळीतच मुक्या प्राण्यांना अभय आहे. देवाच्या नावानं बोकड-कोंबडी कापण्याविरुद्ध ते आयुष्यभर बोलले. तोच माणूस आयुष्यभर झाडत होता. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, असं मला वाटतं.

जिथे सांडलेलं अन्न नाही तिथे उंदीर येत नाही. जिथे उंदीर नाही तिथे विषाची पुडी लागत नाही आणि सापही फिरकत नाही. जिथे पाणी तुंबत नाही तिथे डास होत नाहीत. म्हणजे खराटा हे अहिंसेचं हत्यार आहे. झाडताना चार मुंग्या मरतील, म्हणूनच केरसुणीचं नाव पंचसूनेत आहे. पण त्या झाडण्यानं पुढची केवढी तरी मोठी हिंसा टळते. म्हणून मी म्हणतो, अहिंसा ही आधी करायची गोष्ट आहे. हातात विषाची बाटली आली तेव्हा 'हे पाप आहे का?' असं विचारणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडणं. प्रश्न महिनाभर आधी विचारायचा होता, पोतं फुटलं तेव्हा.

मग बडनेऱ्याच्या अंगणात काय करायचं?

ताई, तुमच्या घरासाठी, आणि ज्यांच्या ज्यांच्या आई-वडिलांच्या घराला अंगण आहे त्या सगळ्यांसाठी, हा क्रम सुचवतो.

पहिला दिवस फक्त खराट्याचा. सांडलेलं धान्य उचला. पोती जमिनीवरून फळीवर घ्या, नाहीतर धान्य झाकणाच्या कोठीत भरा. पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग भिंतीपासून लांब करा, पण उचलताना हातात काठी आणि पायात बूट हवेत. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. खरकटं रात्री बाहेर ठेवू नका.

दुसरं, बीळ. ते बुजवायच्या आधी आत कोण आहे ते पाहा. तोंडाशी ताजी भुसभुशीत माती दिसत असेल तर घूस राहती आहे. जुन्या, शांत बिळात हात किंवा काठी घालू नका, तिथे साप असू शकतो. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षण दिलं आहे, त्यामुळे त्याला मारणं कायद्यानंही चूक आहे. घुशीसाठी पिंजरा लावा. पण पकडलेली घूस शेजारच्या गल्लीत सोडून येणं म्हणजे अहिंसा नाही, ती नुसती बदली आहे! तिला वस्तीपासून लांब सोडा. मग बीळ दगड-सिमेंटनं पक्कं बुजवा आणि वृंदावन नीट बांधून घ्या.

तिसरं, पोळं. परसातल्या झाडावर, वाटेपासून लांब असतं, तर हात लावू नका म्हटलं असतं. पण हे दाराच्या डोक्यावर आहे आणि खाली लेकरू खेळतं. इथे पोळं काढणं हाच धर्म. पलित्यानं नाही आणि भावानं एकट्यानं शिडीवर चढूनही नाही. जाणकार माणूस बोलवा, अंधार पडल्यावर, मुलांना आत ठेवून. नंतर ती जागा पुसून घ्या, छज्ज्याच्या फटी बंद करा, आणि दर पावसाळ्याआधी एकदा वर मान करून पाहायची सवय लावा. पोळं वाटीएवढं होण्याआधी दिसलं तर काम फार सोपं असतं. ते मधमाश्यांचं मोठं मोहोळ असेल, तर मात्र मारायची घाई नको. माश्या न मारता मोहोळ हलवणारे लोक असतात, त्यांना शोधा.

चौथं, आणि शेवटचं, औषध. एवढं सगळं करूनही गरज पडली तर. पण तेव्हाही छळ करून मारणारी साधनं नकोत. चिकट पट्टीवर उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो. काही विषं खाऊन मेलेला उंदीर घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला तर तेही मरतं, आणि उंदीर खाणारेच मेले की उंदीर आणखी वाढतात. इथे मांडव्य ऋषींची गोष्ट लक्षात ठेवा. पूर्वायुष्यात, लहानपणी, त्यांनी किड्याला गवताची काडी टोचली होती, आणि पुढे त्यांना सुळावर चढावं लागलं. किड्याची वेदना कुठेतरी लिहिली जाते, हा त्या गोष्टीचा एक अर्थ. पण मांडव्यांनी यमधर्मालाच जाब विचारला, एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? आणि शाप दिला. यमाला विदुर होऊन जन्माला यावं लागलं. शिक्षा मापापेक्षा जास्त झाली तर धर्मराजालाही सुटका नाही, हा दुसरा अर्थ. आपणही अंगणातले छोटे न्यायाधीशच आहोत. एका फुटक्या पोत्यासाठी जाळून मारणं आपल्या अधिकारात बसत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

"आम्ही बाराव्या मजल्यावर, आमचं काय?" असं कोणी म्हणेल. तुमच्या बाल्कनीत कुंभारीण आली असेल तर तिला राहू द्या. ती एकटी असते, सहसा डसत नाही, आणि पिलू उडून गेलं की मडकं रिकामं होतं. तेव्हा काढून टाका. झुरळांसाठी आधी रात्रीची भांडी घासा, फटी बुजवा, स्प्रे नंतर.

आणि एक अंगण आपल्या सगळ्यांकडे आहे, आतलं. नाथांनी विंचवाच्या भारुडात काम-क्रोधाला विंचू म्हटलं, ते उगीच नाही. राग आला की आपण जाळायला निघतो. पण राग येण्याच्या आधी काय काय सांडून ठेवलं होतं? अर्धवट झोप, न बोललेली तक्रार, सतत दुसऱ्याशी तुलना. त्यावर बिळं पडतात. बीळ दिसायला लागलं की आपण म्हणतो, "माझा स्वभावच असा." स्वभाव नंतर पाहू, आधी रोजचं झाडून घ्या. नामस्मरण म्हणजे तो रोजचा खराटाच आहे. एक दिवस जोरात झाडून उपयोग नाही, रोज पाच मिनिटं हवीत.

नागपंचमीला आपल्याकडे जमीन खणत नाहीत, नांगर चालवत नाहीत, काही घरांत त्या दिवशी चिरणं-तळणंही नसतं. वर्षातला एक दिवस आपण आठवतो की पायाखाली कोणाचं तरी घर आहे. ती आठवण वर्षभर ठेवता आली, तर मारायची वेळ फार कमी येईल.

आजचा संकल्प

१. आज घरातला किंवा अंगणातला एक कोपरा, जिकडे बघायचं आपण टाळतो, तो झाडायचा. झाडताना नाम घ्यायचं.

२. जेवणाआधी एक घास बाजूला काढायचा, पक्ष्यांना किंवा मुंग्यांना, घरापासून लांब, ठरलेल्या जागी. हा आपला भूतयज्ञ. उरलेलं खरकटं फेकणं म्हणजे भूतयज्ञ नव्हे, ते उंदरांना आमंत्रण आहे.

३. ज्या माणसावर राग धरला आहे त्याच्याकडे जायच्या आधी एकदा स्वतःला विचारायचं : आधी धूर कोणी केला होता?

ताई, भावाला खराटा द्या आणि आईला पिंजऱ्यावर देखरेख द्या. भावाला मुलाचं रक्षण केल्याचं समाधान मिळेल, आईला जीव वाचवल्याचं. अबोला त्या कामातच सुटेल.

उद्या दहावा अध्याय. तोपर्यंत,

राम कृष्ण हरी!